सीमेवरचे अर्धायुष्य

वैद्यकांच्या स्मरणिकेत बंदरे, सीमाशुल्क आणि आयातीची कागदपत्रे यांवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. हा प्रांत व्यापाऱ्यांचा आणि अर्थशास्त्रज्ञांचा. त्यात डॉक्टरने का शिरावे? याचे उत्तर माझ्या व्यवसायातच आहे. मी न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागात काम करतो. एखाद्या आठवड्यात आमच्याकडे किती रुग्णांची तपासणी होणार, हे पुष्कळदा रुग्णांच्या संख्येवर ठरत नाही; विमानतळाच्या मालकोठारात एका लहानशा पेटीवर शिक्का केव्हा बसला, यावर ते ठरते. त्या पेटीच्या निमित्ताने या विषयाचे जे थोडेफार वाचन झाले, क्लिअरिंग एजंटांकडून आणि आपल्या वडोदऱ्यातील निर्यातदार स्नेह्यांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम त्या पेटीविषयी. हाडांचा स्कॅन, हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा, मूत्रपिंडांचे कार्य अशा अनेक तपासण्यांसाठी आम्ही टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतो. त्याचा अर्धायुष्यकाल अवघा सहा तासांचा. म्हणजे सकाळी आणून कपाटात ठेवले, तर संध्याकाळपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक संपलेले असते. म्हणून परदेशातून येते ते त्याचे जनक द्रव्य, मॉलिब्डेनम-९९. शिशाच्या कवचात बंदिस्त केलेल्या जनरेटरच्या रूपात. रोज सकाळी त्यातून सलाइन सोडून टेक्नेशियम उतरवून घ्यायचे. जगभरचे तंत्रज्ञ या जनरेटरला ‘गाय’ आणि या क्रियेला ‘दूध काढणे’ म्हणतात. ही गाय मात्र पहिल्या दिवसापासूनच आटू लागलेली असते, कारण मॉलिब्डेनमचा अर्धायुष्यकाल ६६ तासांचा आहे. चोवीस तासांचा विलंब झाला की सुमारे २२ टक्के माल नाहीसा. तीन दिवस झाले की निम्म्याहून थोडा अधिक. पेटीला कोणी हात लावलेला नसतो, ती फुटलेली नसते, चोरीला गेलेली नसते. बिलावरची किंमतही तीच राहते. आतली वस्तू तेवढी गेलेली असते.

जगातील बराचसा मॉलिब्डेनम नेदरलँड्समधील पेटन, बेल्जियममधील मोल, दक्षिण आफ्रिकेतील पेलिंडाबा, ऑस्ट्रेलियातील ल्युकस हाइट्स अशा मोजक्या ठिकाणच्या जुन्या-नव्या अणुभट्ट्यांत तयार होतो. कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी २००९ च्या मे महिन्यात बंद पडली, ती वर्षाहून अधिक काळ बंदच होती. पाठोपाठ २०१० मध्ये पेटनची भट्टी दुरुस्तीसाठी थांबली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश काही दिवस बंद केले. त्या काळात जगभरच्या आमच्या सहव्यावसायिकांनी तपासण्या पुढे ढकलल्या. आपल्याकडे वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था जनरेटर पुरविते, हा मोठाच आधार. तरी परदेशी मालावाचून भागत नाही.

आमच्या शाखेतील द्रव्यांची यादी पाहिली तर सीमेचा व्यापारावर होणारा परिणाम कोणत्याही आलेखावाचून समजतो. जर्मेनियम-६८ चा अर्धायुष्यकाल २७१ दिवसांचा. त्याची पेटी आठवडाभर कोठारात राहिली तरी फारसे बिघडत नाही. थायरॉइडसाठीचे आयोडीन-१३१ आठ दिवसांचे; त्याला दोन दिवसांची दिरंगाई सोसते. मॉलिब्डेनमला ती सोसत नाही. आणि पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरिन-१८ केवळ ११० मिनिटांचे; त्याचा दूरदेशी व्यापार संभवतच नाही, ते गावात किंवा गावाजवळच्या सायक्लोट्रॉनमध्येच करावे लागते. कोणती वस्तू जगभर फिरणार आणि कोणती घरीच करावी लागणार, हे शेवटी तिला वाटेत किती वेळ थांबविले जाते यावर ठरते.

अर्थशास्त्रज्ञांनी हेच निराळ्या मार्गाने मोजले आहे. डेव्हिड हमल्स आणि जॉर्ज शाउर या दोघांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाटेत जाणारा प्रत्येक दिवस हा मालाच्या किमतीवर ०.६ ते २.१ टक्के जकात बसविल्यासारखा असतो, असे दाखविले. त्याआधी जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी माल जहाजावर चढण्यापूर्वीचा प्रत्येक जादा दिवस व्यापार एक टक्क्याहून अधिक घटवितो, असा हिशेब मांडला होता. जकात निदान सरकारी तिजोरीत तरी जमा होते. दिरंगाईची ही जकात कोणाच्याच तिजोरीत जात नाही.

सीमेवरच्या खोळंब्याचा विषय वडोदरेकरांना नवा नसावा. संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता. अमरेली आणि ओखामंडळ पार काठियावाडात. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झाले. परंतु काठियावाडच्या बंदरांवर उतरलेला माल ब्रिटिश मुलखात शिरताना विरमगामला जकातीची रेषा आडवी येई. उतारूंच्याही झडत्या होत. गांधीजींनी हे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडल्यानंतर १९१७ मध्ये ती रेषा उठली, आणि ओखा सुरू होताच पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, पुन्हा बसली. नवे बंदर बांधून जो वेळ वाचवायचा, तो एका नाक्याने परत घेतला, असा तो मामला होता. बंदर खोल असून भागत नाही. त्यामागची वाटही मोकळी असावी लागते.

आता आमच्याच पेटीची एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जनरेटरच्या बीजकावरचा अनुक्रमांक आणि विमान कंपनीच्या मालपत्रावरचा अनुक्रमांक यांत एका अंकाचा फरक निघाला. पाठविणाऱ्या कंपनीच्या कोणा कारकुनाची ती चूक. पेटी शुक्रवारी संध्याकाळी उतरली होती. शनिवार-रविवार आणि सोमवारी सण. दुरुस्तीचे पत्र परदेशातून यायला हवे होते आणि तिथेही कचेरी बंद. किरणोत्सारी मालाच्या बाबतीत अधिकाऱ्याने ‘चालवून घ्या’ म्हणावे अशी माझीही अपेक्षा नव्हती. त्याने ते म्हणू नये. पेटी मंगळवारी दुपारी सुटली आणि बुधवारी आमच्या हाती पडली. त्या आठवड्यात आम्ही ठरलेल्या तपासण्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांना परत पाठविले. त्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे एक वृद्ध गृहस्थ होते. दाहोदकडच्या खेड्यातून मुलाबरोबर आले होते; हाडांत रोग पसरला आहे किंवा नाही, यावर त्यांच्या उपचारांची दिशा ठरायची होती. मुलाने विचारले, “साहेब, मशीन बंद आहे का?” मशीन चालू होते. एका अंकापायी औषध संपले, हे त्याला कसे समजावणार? मी त्याला दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

अशा प्रसंगी संगणक काय करू शकतो? पुष्कळ काही. सिंगापूरने १ जानेवारी १९८९ रोजी ‘ट्रेडनेट’ ही प्रणाली सुरू केली. व्यापाऱ्याने सर्व माहिती एकदाच, एकाच ठिकाणी भरायची. ती तिथून संबंधित खात्यांकडे जाणार. पूर्वी ज्या परवान्यांना दोन-चार दिवस लागत, ते काही मिनिटांत मिळू लागले. आपल्याकडे सीमाशुल्काचे संगणकीकरण १९९० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले आणि हळूहळू देशभर पसरले. १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ ही एक-खिडकी व्यवस्था आली. अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती आणि पशू विलगीकरण, वस्त्रोद्योग समिती आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण या सहा खात्यांसाठीची माहिती एकाच अर्जात भरता येऊ लागली. माल पोहोचण्यापूर्वीच कागदपत्रे दाखल करण्याची सोय झाली, आणि पुढे तो नियमच झाला. २०२० मध्ये ‘चेहराविरहित’ तपासणी सुरू झाली. मुंबईत उतरलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. ओळखीच्या साहेबांना भेटून येण्याची जुनी रीत त्यामुळे बरीच मोडली, ही गोष्ट मला स्वागतार्ह वाटते.

परंतु केवळ कागदाऐवजी पडदा आला म्हणून वेळ वाचतो, असे मात्र नव्हे. खरा फरक पडला तो अधिकाऱ्याने विचारायचा प्रश्न बदलला तेव्हा. पूर्वी प्रत्येक पेटी संशयित मानली जाई. २००५ पासून आपल्याकडे जोखीम व्यवस्थापनाची पद्धत आली: आयातदार कोण, माल कोणता, कोठून आला, पूर्वीचा इतिहास काय, हे पाहून संगणक ठरवितो की कोणती पेटी उघडायची. आपणा डॉक्टरांना यात नवे काहीच नाही. अपघात विभागात आलेल्या प्रत्येक डोकेदुखीला आपण सीटी स्कॅन करीत नाही. कोणाला करायचा याचे ठोकताळे असतात. प्रत्येकाचा स्कॅन करायचा ठरविले तर रांग इतकी लांबेल की खरोखर रक्तस्राव झालेला रुग्ण त्या रांगेतच दगावेल. मात्र चाळणी जितकी सैल, तितके चुकीचे सुटणारे अधिक, आणि जितकी घट्ट, तितके निरपराध अडकणारे अधिक. हा तिढा संगणकाने सुटत नाही, त्याला कोठे उभे करायचे ते माणसालाच ठरवावे लागते.

शिवाय या चाळणीचा एक दोष आहे, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. तिला ओळखीचे लोक आवडतात. ज्याचा दहा वर्षांचा स्वच्छ इतिहास आहे, ज्याला ‘अधिकृत आर्थिक प्रचालक’ असा दर्जा मिळाला आहे, त्याचा कंटेनर सरळ निघून जातो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत चार कामगारांच्या बळावर व्हॉल्व्ह बनविणारा माझा एक रुग्ण पहिल्यांदा निर्यात करू लागला, तेव्हा त्याला इतिहासच नव्हता. इतिहास नाही म्हणून तपासणी, तपासणी म्हणून उशीर, आणि उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक नाराज. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतात; याच्याकडे तो स्वतः आणि संध्याकाळी संगणकावर बसणारी त्याची मुलगी.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची २०२३ मधील राष्ट्रीय पाहणी या संदर्भात वाचनीय आहे. आयात माल सुटायला बंदरांवर सरासरी सुमारे ८६ तास आणि हवाई मालकोठारांत सुमारे ४४ तास लागत होते. उद्दिष्ट होते अनुक्रमे ४८ आणि २४ तासांचे. आधीच्या वर्षापेक्षा सुधारणा होती, हेही नमूद केले पाहिजे. आगाऊ कागदपत्रे दाखल करणारे आणि जोखमीच्या चाळणीतून सुटणारे सरासरीपेक्षा बरेच लवकर बाहेर पडतात, हे त्या पाहणीतून स्पष्ट दिसते. पण ४४ तासांत मॉलिब्डेनम किती उरतो? सुमारे ६३ टक्के.

आमच्या पेटीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण तिच्यावर एकट्या सीमाशुल्काचा अंमल नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती आता ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून मिळते आणि तिचा माझा अनुभव चांगला आहे. औषध म्हणून औषध नियंत्रकांचा संबंध येतो. आणि या सर्वांच्या आधी विमान कंपनीने तो माल उचलायला हवा. किरणोत्सारी चिन्ह पाहून वैमानिकाने किंवा कंपनीने पेटी नाकारण्याचे प्रकार जगभर इतके वाढले, की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला २००६ मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र समिती नेमावी लागली. दहा खात्यांपैकी नऊ खाती संगणकावर आली आणि दहावे कागदावर राहिले, तर पेटी त्या दहाव्याच्याच गतीने चालते.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आला. भारताने त्याला २०१६ मध्येच मान्यता दिली होती. त्यात नाशवंत मालाला शक्य तितक्या कमी वेळात सोडावे, असे कलम आहे. नाशवंत म्हणजे काय, याची तळटीपही आहे: नैसर्गिक गुणधर्मांमुळे ज्याचा झपाट्याने ऱ्हास होतो तो. मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फळे, फुले, मासळी असणार. परंतु ती व्याख्या आंब्यापेक्षाही आमच्या मॉलिब्डेनमला अधिक काटेकोरपणे लागू पडते. आंबा शीतगृहात चार दिवस जास्त टिकतो. मॉलिब्डेनमवर थंडीचा काडीचाही परिणाम नाही.

फळांचा विषय निघालाच आहे, तर नाशिकच्या द्राक्षांविषयी लिहिलेच पाहिजे; तंत्रज्ञानाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सापडल्याचा बोभाटा झाला. त्यानंतर ‘अपेडा’ या निर्यात विकास संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही प्रणाली उभी केली. प्रत्येक बागेची नोंद, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेतील नमुन्याचा निकाल आणि त्यावरून मिळणारे प्रमाणपत्र, सर्व एका साखळीत. युरोपच्या दारातली तपासणी जणू निफाडच्या बागेत आली. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याची द्राक्षे परदेशी दुकानात पोहोचली आणि त्यांचा माग बागेपर्यंत काढता येऊ लागला. मग २०१० साल उजाडले. युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले, कंटेनर अडले, आणि बागायतदार कर्जात बुडाले. तपासायच्या द्रव्यांच्या यादीत हे द्रव्य नव्हतेच. संगणकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बिनचूक नोंदविले होते. जी चाचणी मागितलीच नाही तिचा निकाल अहवालात येत नाही, हे आपण नव्या निवासी डॉक्टरांना शिकवितोच.

दुसरी मर्यादा २०१७ मध्ये दिसली. त्या वर्षी मे महिन्यात इंग्लंडच्या रुग्णालयांचे संगणक एका विषाणूने बंद पाडले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी काही तासांत आंधळी झाली. तिच्या ताब्यातील अनेक बंदरांची फाटके बंद पडली. आपल्या न्हावा-शेव्यातील एक टर्मिनलही त्यांत होते. जहाजे शाबूत, क्रेन शाबूत, माल शाबूत; पण कोणता कंटेनर कोणाचा, हेच सांगता येईना. कंपनीने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले; नुकसान अडीच ते तीनशे दशलक्ष डॉलरांच्या घरात गेले.

त्या प्रकरणाचा नंतर प्रसिद्ध झालेला वृत्तान्त मोठा बोलका आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा जो मूळ नकाशा, त्याच्या सर्व प्रती नष्ट झाल्या होत्या. एकच प्रत वाचली, घानातल्या कचेरीत; कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. ती प्रत इंग्लंडला न्यायची, तर जाळ्याचा वेग अपुरा. माणसाबरोबर पाठवावी, तर घानातील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती लंडनला घेऊन गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपनीची सुटकाही अखेर व्हिसाच्या शिक्क्यापाशी येऊन थबकली होती. तेव्हापासून माझ्या विभागात जनरेटरची नोंद संगणकाबरोबरच एका पुठ्ठ्याच्या वहीतही ठेवली जाते. तरुण सहकारी हसतात, हसोत.

जाता जाता सहव्यावसायिकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून लेखणी थांबवितो. दुर्मिळ आजाराच्या रुग्णासाठी परदेशातून औषध मागवायची वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते. औषधनियमांच्या ३६ व्या नियमानुसार वैयक्तिक वापरासाठी थोड्या प्रमाणात औषध आणता येते. ‘बारा ए’ नमुन्यात अर्ज करायचा, ‘बारा बी’ नमुन्यात परवाना मिळतो, आणि एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांची मर्यादा असते. राष्ट्रीय धोरणातील यादीत असलेल्या दुर्मिळ आजारांवरच्या अशा औषधांना १ एप्रिल २०२३ पासून सीमाशुल्क माफ झाले आहे. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक किंवा जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन यांचे प्रमाणपत्र लागते. ते रुग्णाच्या नातेवाइकांना माल येण्यापूर्वीच काढून ठेवायला सांगावे. आणि चिठ्ठी लिहिताना औषधाचे मूळ नाव, मात्रेची शक्ती आणि एकूण संख्या ही अर्जातल्याप्रमाणेच, स्वच्छ अक्षरात किंवा टंकलिखित लिहावी. आपले अक्षर आपल्या औषधविक्रेत्याला लागते. मालकोठारातल्या अधिकाऱ्याला ते लागेलच असे नाही, आणि शीतपेटीतला बर्फ तोवर थांबत नाही.